एकाच इंजिनाचे दोन आकडे

ताटातली शेवभाजी गार झाली, वर तेलाचा तवंग जमला, तरी रंजिताची पहिली भाकरी अर्धीच होती. डाव्या हातानं ती लॅपटॉपवरचा आलेख खालीवर करत होती आणि उजवा हात ताटात नुसताच पडला होता. तिची आई, रजनीताई, दोनदा स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून गेल्या. तिसऱ्या खेपेला त्या आल्या आणि त्यांनी लॅपटॉपचं झाकणच लावून टाकलं.

"आई, चालू आहे गं ते."

"तू बी तर सकाळपासून चालूच आहेस. इतक्या दिवसांनी घरी आली, आणि हे काय करून राहिली? आधी जेव."

रंजितानं घास तोंडात घातला आणि गिळताना पुन्हा झाकण उघडलं. रजनीताईंनी कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखं केलं.

रंजिता महाजन बंगळूरला हेलिकॉप्टर बनवणाऱ्या एका खाजगी कंपनीत इंजिनियर होती. उडणं तिचं काम नव्हतं. उडून आलेल्या हेलिकॉप्टरनं जे आकडे आणले, त्यांतून त्याच्या इंजिनात खरोखर किती ताकद आहे ते काढणं, हे तिचं काम. कंपनीनं आपल्या जुन्या, नावाजलेल्या हेलिकॉप्टरला नवं इंजिन बसवलं होतं, आणि ते भर उन्हाळ्यात किती जोर धरतं हे दाखवायचं होतं. तापलेली हवा विरळ होते. अशा हवेत इंजिनालाही धाप लागते आणि वरच्या पंख्यालाही. मग मे महिन्यात होरपळणारं गाव कुठलं, असा प्रश्न निघाला तेव्हा रंजितानंच मध्य प्रदेशातल्या आपल्या बुऱ्हाणपूरचं नाव घेतलं. शहराजवळच्या फोपनार गावाच्या अंगाला, तिच्या आत्याच्या केळीच्या बागेपलीकडे, एक मोठं पडीक मैदान होतं. कंपनीनं ते भाड्यानं घेतलं, परवानग्या काढल्या, तंबू ठोकले, आणि रंजिता कामानिमित्त का होईना, माहेरी आली.

गावाला एवढं पुरे होतं. तिचे वडील वामनराव वीज कार्यालयातून निवृत्त झालेले. त्यांनी सकाळच्या पोह्यांच्या गाडीपासून संध्याकाळच्या नदीकाठच्या राजघाटापर्यंत सगळीकडे सांगून ठेवलं होतं की उद्या दुपारी मुख्य चाचणी आहे आणि आमची मुलगी ती घेतेय. रजनीताईंनी तर आपल्या शाळेतल्या जुन्या सहकारी शिक्षिका, शेजारपाजार, सगळ्यांना आमंत्रण दिलं होतं. जणू घरचं कार्य होतं.

आणि रंजिताच्या घशाखाली घास उतरत नव्हता, कारण तिच्याकडे एकाच इंजिनाचे दोन आकडे होते.

इंजिनाची ताकद डोळ्यांना दिसत नाही, ती काढावी लागते. एक रस्ता सरळ. इंजिनाच्या दांड्याला किती पीळ पडतो ते टॉर्क मीटर सांगतं, दांडा किती वेगानं फिरतो ते दुसरं मीटर सांगतं, दोन्हींचा गुणाकार केला की ताकद मिळते. दुसरा रस्ता वळणाचा. अमुक वजनाचं हेलिकॉप्टर अमुक हवेत एका जागी तरंगत ठेवायला पंख्याला किती ताकद लागते, हे जुन्या उड्डाणांवरून माहीत असतं. पंखा जुनाच होता, त्याचा स्वभाव कंपनीला वर्षानुवर्षं ठाऊक होता. हे दोन्ही रस्ते शेवटी एकाच गावाला पोचायला हवेत. पहिल्या दिवशी पोचले. नंतर मात्र रोज थोडे थोडे लांब होत गेले, आणि आता फरक पाच टक्क्यांवर आला होता. मीटर म्हणत होतं, इंजिन भरपूर जोर देतंय. रंजिताचा हिशोब म्हणत होता, एवढा जोर लागायचं काही कारणच नाही.

तिनं मनाशी एक निदान करून टाकलं होतं: मीटर जास्त दाखवतंय. म्हणजे इंजिन दिसतं तेवढं दमदार नाही. आणि उद्या त्याच इंजिनाच्या भरवशावर हेलिकॉप्टर पूर्ण वजन घेऊन, दुपारच्या ऐन झळांत, ताडाच्या उंचीच्या कितीतरी वर जाऊन एका जागी थांबणार होतं. तिथं ताकद कमी पडली तर यंत्र स्वतःच्याच वाऱ्यात खाली बसत जातं.

"मी मैदानावर जाऊन येते," ती उठत म्हणाली.

"भाकरी?"

"आल्यावर खाते."

रजनीताईंनी ताटावर ताट झाकलं.

*

मैदानावरच्या तंबूत कूलर होता, पण तोही गरमच हवा फेकत होता. प्रकल्पाच्या प्रमुख मनीषा मॅडम टेबलाशी बसून परवानगीचे कागद बघत होत्या. पुण्याच्या, मोजकं बोलणाऱ्या, केस आखूड कापलेल्या बाई. चाचणी वैमानिक हर्षल पाटील खाटेवर पाय पसरून कलिंगड खात होते. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे भुसावळचे, आणि कंपनीत आपल्या बोलीत बोलायला रंजिताला तेवढेच एक होते.

रंजितानं आलेख दाखवला. मॅडमनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला.

"टॉर्क मीटर निघायच्या आधी तपासून घेतलंय," त्या म्हणाल्या. "प्रमाणपत्र आहे. तुझा हिशोब मात्र जुन्या उड्डाणांवर आहे. मग मी कुणावर विश्वास ठेवू?"

"पहिल्या दिवशी दोन्ही जुळत होते, मॅडम. त्यानंतर बिघडलंय. उष्णतेनं मीटर सरकलं असेल."

"तेल किती जळालं ते बघितलंस?"

या प्रश्नाचीच रंजिताला भीती होती. इंजिनाला ताकद फुकट मिळत नाही. जास्त जोर लावला तर जास्त इंधन लागतं. आणि इंधनाचा आकडा मीटरच्या बाजूनं होता. तीन साक्षीदारांपैकी दोन एकीकडे आणि तिचा हिशोब एकटा दुसरीकडे. इंधनाचं मीटरही गरमीनं चुकत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं, पण ते समजावणं तिलाच पटत नव्हतं. कुसळ दातात अडकावं तसं ते टोचत होतं.

"इंधन मीटरशी जुळतंय," तिनं सांगून टाकलं. "ते मला अजून सुटलेलं नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "परवापासून ढग येणार आहेत. पारा उतरला की आपलं इथं यायचं कारणच संपतं, मग पुढच्या मे महिन्यापर्यंत वाट बघायची. उद्या सकाळी मीटर पुन्हा जागेवर तपासून घे. चुकीचं निघालं तर चाचणी थांबवू. बरोबर निघालं तर उडायचं."

हर्षलनी कलिंगडाची साल बादलीत टाकली. "पोरी, तू मला एकच सांग. उद्या माझ्या जागी तू असती तर बसली असती का आत?"

रंजितानं थोडा विचार केला. "आज नसते बसले, सर."

"मग झोप नीट काढ आणि सकाळी खात्री कर," ते म्हणाले. "मला डरायचा शौक नाही, पण न समजता मरायचा बी नाही."

*

संध्याकाळी वामनराव तिला ओढूनच राजघाटावर घेऊन गेले. तापीचं पाणी उतरलेलं, काठाला दगड उघडे पडलेले, आणि दिवसभर तापलेल्या पायऱ्या अजून चपलेतून चटका देत होत्या. भेटेल तो माणूस वामनरावांना थांबवून विचारत होता, "यही बिटिया है क्या हेलिकॉप्टरवाली?" आणि वामनराव मान ताठ करून हो म्हणत होते.

रंजिता एका जागी उभी राहू शकत नव्हती. पाच पायऱ्या उतरायची, पुन्हा चढायची. मोबाइलवर आकडे काढायची, आत टाकायची, पुन्हा काढायची.

"रंजू, बस ना दोन मिनिटं," वामनराव म्हणाले. "लोकांना वाटेल, काही बिघडलंय."

"बिघडलंयच, पप्पा. काय ते कळत नाही, एवढंच."

"मग उद्या लोकांना येऊ नका म्हणून सांगू का?"

त्यांच्या आवाजात जी अडखळ होती ती तिला लागली. चार लोकांत मान खाली जाईल ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती, आणि तिला त्यांचा राग आला, आणि राग आल्याचं वाईट वाटलं.

"येऊ द्या," ती म्हणाली. "पण मी उडू दिलं नाही तर मला बोलू नका."

वामनरावांनी नदीकडे बघितलं. "मी ऑफिसात होतो तेव्हा एकदा लाइन चालू करा म्हणून अख्खं धूलकोट गाव दारात उभं होतं. आमच्या साहेबांनी नाही केली. लोकांनी शिव्या दिल्या."

"मग लाइनमध्ये काही सापडलं का?"

"काहीच नाही," वामनराव हसले. "पण त्या रात्री लाइनवरची सगळी माणसं आपापल्या घरी झोपली."

*

सकाळी तंत्रज्ञांनी मीटर उतरवून, वजनं टांगून, तिथंच मैदानावर तपासलं. रंजिता शेजारी उभी होती. पहिलं वजन, बरोबर. दुसरं, बरोबर. सगळ्यात मोठं वजन टांगलं तेव्हा तिनं वाकून काट्याकडे बघितलं. तेही बरोबर.

मीटर खरं बोलत होतं. तिचं निदान सपशेल आपटलं होतं.

"छान," मनीषा मॅडम म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "म्हणजे इंजिन चांगलं आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, रंजिता. दुपारी उडतोय आपण."

आनंद व्हायला हवा होता. उलट तिला नवाच प्रश्न पडला. मीटर खरं, इंधन खरं, इंजिन खरोखर एवढा जोर लावतंय. मग तो जोर जातो कुठे? पंख्याला इतका लागत नाही. पाच टक्के ताकद हवेत विरून जात नाही. ती तंबूत गेली, बाहेर आली, हेलिकॉप्टरभोवती एक चक्कर मारली, पंख्याच्या पात्यांवरून हात फिरवला, कुठं धुळीचं पुट बसलंय का बघितलं. पाती स्वच्छ होती.

दुपार चढत गेली तशी माणसं जमू लागली. फोपनारहून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या, शहरातून मोटरसायकली आल्या. दोरखंडापलीकडे रजनीताई छत्री धरून आपल्या मैत्रिणींसह उभ्या होत्या. रंजिताची आत्या भागाबाई केळीच्या बागेच्या बांधावर बसून, हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं पानं फाटतात म्हणून जो ऐकेल त्याला सांगत होती. आणि तिचा मुलगा समाधान ट्रॅक्टरमागे पाण्याचा टँकर जोडून मैदानावर पाणी मारत होता. पंखा फिरला की धुळीचा लोट उठे आणि वैमानिकाला काही दिसेनासं होई, म्हणून पहिल्या दिवसानंतर कंपनीनं त्याला हे काम दिलं होतं. उड्डाण असलं की आधी समाधान अख्खं मैदान भिजवून काढायचा.

हेलिकॉप्टरपासून थोड्या अंतरावर, ताडपत्रीखाली, वाळूच्या गोण्यांचा ढीग होता. प्रवाशांच्या वजनाऐवजी त्याच गोण्या आत ठेवून उडायचं. आल्या दिवशीच त्या तोलून, प्रत्येकीवर रंगानं वजन लिहून ठेवलं होतं. दोन माणसं त्या उचलून आत रचत होती. आज सगळ्याच जाणार होत्या.

रंजिता बघत असताना समाधाननं टँकर ढिगाजवळ आणला, ताडपत्रीची कड पायानं वर केली आणि पाइपाची धार गोण्यांवर धरली.

ती जवळ गेली.

"समाधान, हे काय करतोस?"

"अगं ताई, या गोण्यांवरूनच तर जास्त धूळ उडते. पहिल्या दिवशी सायबांच्या डोळ्यांत गेली होती. म्हणून मी यांना बी रोज मारतो पाणी. वरून झाकतो, म्हणजे ओल टिकते."

रंजितानं खाली बसून गोणीवर हात ठेवला. वरून गार, खालून चिंब. बोटं दाबली तर विणीतून पाणी पाझरलं. पाच टक्के कुठं गेले ते तिच्या तळहातावर होतं. इंजिन खोटं नव्हतं, मीटर खोटं नव्हतं, पंख्याचा जुना हिशोबही खोटा नव्हता. हेलिकॉप्टर जड होतं. ओल्या गोण्या तिनं रोज कोरड्याच्या भावानं मोजल्या होत्या. वजन ही एकच गोष्ट होती जी तिनं कधी संशयानं बघितलीच नाही, कारण ते रंगानं लिहिलेलं होतं.

"आत्याचा घड तोलायचा काटा कुठंय?"

"शेडमध्ये. का, काय झालं?"

"घेऊन ये. पळत जा."

*

केळीचे घड तोलायचा काटा बांधावरच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगला. पहिली गोणी अडकवली तेव्हा मनीषा मॅडम, हर्षल आणि दोन्ही तंत्रज्ञ भोवती उभे होते. काटा लिहिलेल्या वजनाच्या बराच पुढं जाऊन थांबला. दुसरी त्याहून जड. ढिगाच्या तळाची सगळ्यांत जड. सगळ्या मिळून दीड माणसाचं वजन जादा भरत होतं, कागदावर कुठं नाव नसलेलं.

हर्षलनी तळाच्या गोणीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आज मी सगळ्या गोण्या घेऊन वर गेलो असतो. मीटरची सुई लाल रेषेला टेकली असती, आणि मी म्हटलं असतं, गरमी आहे, टेकणारच."

"पण कालच्या कुठल्याच आकड्यात हे दिसत कसं नव्हतं?" मॅडमनी विचारलं.

"दिसत होतं, मॅडम," रंजिता म्हणाली. "मीच उलटं वाचलं. मीटर बरोबर होतं, तुम्ही म्हणत होतात तसं. मी मीटरवर दोष ठेवून बसले आणि इंधनाचा आकडा माझ्या सोयीनं बाजूला सारला."

मॅडमनी ताडपत्रीकडे, मग टँकरकडे बघितलं. "आणि याला गोण्या भिजवायला कुणी सांगितलं?"

समाधाननं हातातला पाइप खाली टाकला. त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला होता. बांधावरून भागाबाई उठून उभी राहिली.

"कुणीच नाही," रंजिता पुढं होऊन म्हणाली. "आणि भिजवू नको असंही कुणी सांगितलं नाही. वजन रोज करायचं काम आपलं होतं. माझं होतं."

मॅडमनी घड्याळाकडे नजर टाकली. "कोरडं वजन कुठून आणशील? उद्या ढग आहेत."

उत्तर भागाबाईनं दिलं. तिला नेमकं काय बिनसलंय ते कळलं नव्हतं, पण वजन हवंय एवढं कळलं होतं. "माझ्या शेडमध्ये खताच्या गोण्या आहेत. आतून प्लास्टिक आहे, पाणी शिरत नाही. पण परत पाहिजे, सांगून ठेवते. आणि पानांचं बी काहीतरी बघा."

खताच्या गोण्या आल्या. एकेक काट्याला लागली, रंजितानं स्वतः वाचली, हर्षलनी पुन्हा वाचली. तोवर उन्हं कलायला लागली होती. दोरखंडाबाहेरची गर्दी वैतागली. "आज नहीं उड़ेगा, चलो," कुणीतरी म्हणालं, आणि ट्रॉल्या सुरू झाल्या. शहरातले पाहुणे निघाले. वामनराव जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी समजावत होते, आणि ऐकणारा प्रत्येक जण हसून पुढं जात होता. रंजितानं ते दुरून बघितलं. तिला धावत जाऊन त्यांच्या शेजारी उभं राहावंसं वाटलं, पण हातात गोणी होती.

पारा अजून उतरला नव्हता. मॅडमनी थर्मामीटर बघून मान हलवली. हर्षल चढताना रंजिताजवळ थांबले.

"आता विचारतो. आज बसशील?"

"बसले असते, सर. जागा नाही, खत भरलंय."

ते हसले आणि आत गेले.

पंखा फिरला, ओल्या मातीचा वास उठला, केळीची पानं आडवी झाली. हेलिकॉप्टर वर गेलं. रंजिता तंबूत पडद्यासमोर उभी होती. खुर्ची होती, पण बसवेना. आकडे येत होते. टॉर्क, फेरे, इंधन, हवेचं तापमान. ती एका कागदावर हातानं दुसऱ्या रस्त्याचा हिशोब करत होती, पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. हेलिकॉप्टर वर थांबलं. आवाज एकसारखा झाला. दोन्ही आकडे शेजारी शेजारी आले, एकमेकांपासून केसभर लांब, आणि तिथंच राहिले.

तिनं मॅडमकडे कागद सरकवला. मॅडमनी तो बघितला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला, क्षणभरच.

हेलिकॉप्टर उतरल्यावर रजनीताई तंबूच्या दाराशी आल्या. त्यांच्या मैत्रिणी कधीच गेल्या होत्या, पण त्या उन्हात छत्रीखाली थांबल्या होत्या. त्यांच्या हातात डबा होता.

"केवढं वर गेलं होतं गं," त्या म्हणाल्या. "आणि कसं एका जागी थांबलं. बघितलंस का?"

"नाही आई. मी आत होते."

"तुझंच होतं आणि तूच नाही बघितलं?"

रंजिताच्या डोक्यात एव्हाना पुढचं सुरू झालं होतं: आधीच्या सगळ्या उड्डाणांचे आकडे ओल्या गोण्यांचे होते, ते आता टाकून द्यायचे की सुधारून घेता येतील, कुठल्या दिवशी किती पाणी मुरलं असेल, समाधानला विचारून काही अंदाज बांधता येईल का. तिनं डबा हातात घेतला, उघडला, उभ्या उभ्या एक घास खाल्ला आणि दुसऱ्या हातानं लॅपटॉप जवळ ओढला.

बाहेर समाधान रिकामा टँकर घेऊन निघाला होता. तिनं त्याला हाक मारून थांबवलं.